नोंद घराबाहेर हवी

जाहीर झालेला विषय होता ‘लिनक्सवर फ्लुएंट बिट कसं बसवावं’. पण सोनईच्या उन्हाळी व्याख्यानमालेत आलेल्या वक्त्यांच्या मनात दुसरंच होतं, आणि नमस्कार आटोपताच त्यांनी ते सांगून टाकलं: यंत्राची नोंद त्याच यंत्रात राहिली तर ती नसल्यात जमा. लॉग म्हणजे काय (यंत्र आपल्या कामाची ओळीओळीने ठेवतं ती नोंद), हे ‘तुम्हाला ठाऊकच आहे’ म्हणून त्यांनी सोडून दिलं. मागच्या रांगांत जरा चुळबुळ झाली.

इतिहास थोडक्यात उरकला. ट्रेझर डेटा कंपनीतल्या सादायुकी फुरुहाशी यांनी २०११मध्ये लॉग गोळा करून दुसरीकडे पाठवणारं फ्लुएंटडी आणलं. ते बरंचसं रुबीत लिहिलेलं, मेमरी साठेक एमबी खाणारं. छोट्या यंत्रांना ते पेलेना, म्हणून २०१४मध्ये त्याच कंपनीत एदुआर्दो सिल्वा यांनी ‘सी’ भाषेत तेच काम करणारं फ्लुएंट बिट लिहिलं. त्याला एमबीभर मेमरी पुरते. दूध संकलन केंद्रातल्या जुन्या संगणकावरही ते चालेल, म्हटल्यावर सभागृह सावरून बसलं.

बसवणं सोपं. अधिकृत स्क्रिप्ट कर्लने उतरवून त्याच ओळीत शेलच्या हवाली करायची, असं सांगितलं जातं. वक्त्यांचा त्याला विरोध: आधी फाइल उतरवा, वाचा, मग चालवा. ती लिनक्सचा प्रकार ओळखते, रिपॉझिटरी जोडते आणि पॅकेज बसवते. मग सिस्टिमसीटीएलने सेवा ‘स्टार्ट’ करायची आणि ‘एनेबल’ही. नाहीतर लाइट जाऊन आली की संगणक उठतो, फ्लुएंट बिट झोपलेलंच. या वाक्याला टाळी पडली.

फ्लुएंट बिटसोबत येणारी मूळ सेटिंग फक्त प्रोसेसरचा वापर मोजून दाखवते. आपली लॉग फाइल वाचायची तर ‘टेल’ इनपुटला तिचा पत्ता द्यावा लागतो. शिवाय ‘डीबी’ फाइल नेमली तर कुठवर वाचलं हे त्याच्या ध्यानात राहतं.

नोंद सुरक्षित कुठे राहते, यावरून गाडी वळली ती शनिशिंगणापूरला. दारं नसलेल्या घरांचं गाव शेजारीच, त्यामुळे प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. २०११च्या जानेवारीत युको बँकेने तिथे बिनकुलपाची म्हणून शाखा उघडली, त्याची आठवण निघाली. ‘शनिमहाराज आहेत ना राखणीला!’ कुणीतरी जरा तोऱ्यातच म्हणालं.

‘महाराज चोराला बघून घेतील,’ वक्ते म्हणाले, ‘पण रात्री डिस्क का भरली, हे त्यांना कसं विचारणार?’ हशा ओसरल्यावर ते मुद्द्यावर आले. कोअर बँकिंगमध्ये खात्यांचा हिशेब शाखेत नसतो, मध्यवर्ती सर्व्हरवर असतो. दाराला कुलूप असो वा नसो, शाखेतला संगणक कुणी उचलून नेला तरी खातं जागेवर. लॉगचंही तसंच व्हावं, एवढाच त्यांचा आग्रह. घुसखोर आत शिरला की आपल्या खुणा पुसायला बघतो; त्या ओळी तोवर दुसऱ्या यंत्रावर पोचलेल्या हव्यात.

तेवढ्यात अध्यक्षांची चिठ्ठी आली: पाच मिनिटं.

मग सगळं धावतपळत. नेट गेल्यावर फ्लुएंट बिट ओळी पाठवण्याचा पुन्हा प्रयत्न करतं, पण मूळ सेटिंगमध्ये एकदाच. म्हणून ‘रिट्राय लिमिट’ वाढवा. बफर, म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या ओळी, मेमरीत न ठेवता डिस्कवर ठेवा. आवृत्ती जुनी ठेवू नका: २०२४च्या मे महिन्यात टेनेबल या सुरक्षा कंपनीने २.०.७ ते ३.०.३ या आवृत्त्यांतला गंभीर दोष जाहीर केला, तो ३.०.४मध्ये दुरुस्त झाला.

‘हे सगळं सक्तीचं आहे का?’ शेवटचा प्रश्न आला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत, एवढं वक्ते सांगेपर्यंत आभारप्रदर्शनाला माइक दुसऱ्याच्या हाती गेला होता. घरच्या संगणकाचं काय, याचं उत्तर त्यांनी माइकशिवायच दिलं: सक्ती नाही, पण पाठवा.