घाटमाथ्याचे पाणी आणि बंदराची रात्र



पावसाळी सहलीला लोणावळ्यास येणारा मुंबईकर भरलेले जलाशय पाहतो, चिक्कीचा पुडा घेतो आणि परततो. १९१५ पासून हेच पाणी मुंबईची यंत्रे फिरवीत आले आहे, हे त्याच्या गावीही नसते. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील पाणी घाटाखाली सुमारे पाचशे मीटर उतरून खोपोलीची जनित्रे चालविते. त्या काळी प्रश्न गिरण्यांचा होता. आज तो बंदरांचा आहे.

मोठ्या बंदरांची साठ टक्क्यांहून अधिक वीज २०३० पर्यंत अक्षय स्रोतांतून यावी, असे केंद्राचे उद्दिष्ट आहे. न्हावाशेवा १९८९ पासून कार्यरत आहे. वाढवणचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. गोदामांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसविणे सोपे आहे, आणि त्यांचे छायाचित्रही छान येते! परंतु बंदर झोपत नाही. मध्यरात्री याऱ्या चालतात, शीतपेट्यांतील माल गार राखावा लागतो. धक्क्यावरील जहाजाने आपले डिझेल इंजिन बंद ठेवायचे, तर त्यालाही किनाऱ्यावरून वीज हवी.

आषाढात ऊन मंदावते, तेव्हा सह्याद्रीवरचा वारा जोर धरतो. म्हणून सौर आणि पवन यांची जोडी जमते. पण शरदातील एखाद्या निवांत रात्री ऊनही नाही आणि वाराही नाही, तेव्हा काय? विद्युतघट काही तास तग धरतील. दीर्घकाळासाठी दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवावे आणि रात्री सोडावे, हा मार्ग अनुभवसिद्ध आहे. भिरा येथे १५० मेगावॅटचा असा संच आहे. शिरोता येथे १८०० आणि भिवपुरी येथे १००० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात ऑगस्ट २०२३ मध्ये करार झाला. अर्थात, शंभर युनिट खर्चावे तेव्हा पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. ही घट हिशेबात प्रामाणिकपणे धरली पाहिजे. किती मेगावॅट उभारले, यापेक्षा वर्षातील प्रत्येक तासाची गरज कशी भागते, यावरून संयोग निवडावा.

या हिशेबात मावळचाही रकाना हवा. १९२१ मध्ये सेनापती बापट शेजारच्या मुळशीत मावळ्यांच्या बुडणाऱ्या जमिनींसाठी उभे राहिले. धरण झालेच, आणि दिवे मुंबईत लागले. खोपोलीला उतरलेले इंद्रायणी खोऱ्याचे पाणीही पाताळगंगेतून समुद्राकडे जाते, पूर्वेकडील शिवारांना ते मिळत नाही. उलट, साठवण प्रकल्पात तेच पाणी वर-खाली फिरते; बाष्पीभवन व गळती भरून काढण्यापुरतीच भर लागते. पण खालचा जलाशय कोठे होणार, बोगदा आणि रस्ते कोणत्या रानातून जाणार, कोणाची भातखाचरे जाणार, हे नकाशासह गावाला मराठीत समजले पाहिजे, आणि तेही बंदराने वीजखरेदीचा करार करण्यापूर्वी.