तीन मुली आणि आमच्या ग्रुपवरचा एक फोटो

कबनूरहून बोलतोय. मागे यंत्रमागाचा खडखडाट ऐकू आला तर सांभाळून घ्या, आमच्याकडे तो चोवीस तास चालूच असतो.

आज एक चित्र बघूया. मोबाईलवर अमृता शेरगिल यांचं ‘तीन मुली’ शोधा. १९३५ चं तैलचित्र, मूळ चित्र दिल्लीच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. पॅरिसमध्ये शिकून परतलेल्या अमृता तेव्हा जेमतेम २२ वर्षांच्या होत्या. १९३७ मध्ये याच चित्राला मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

मी पडलो बीटेकवाला. दुसऱ्याचा कोड वाचताना आधी काय लिहिलंय ते बघतो, का लिहिलंय ते नंतर. चित्रही तसंच वाचलं.

काय दिसतं? तिघी अगदी जवळजवळ बसल्यात. एकीचीही नजर आपल्याकडे नाही, एकमेकींकडेही नाही. मागे झाड नाही, खिडकी नाही, नुसता रंग. त्यामुळे आपली नजर फिरून फिरून त्या चेहऱ्यांवरच येते. कपडे उजळ, चेहरे गप्प. रडणारं कुणीच नाही, तरी बघताना जीव जड होतो. ते काम मांडणी करते.

बरेच जण म्हणतात, या मुली आपलं ठरलेलं नशीब सोसतायत. चित्रात तसं कुठे लिहिलेलं नाही. तो अर्थ आपण लावतो. मीही लावला, त्याला कारण आहे.

गेल्या महिन्यात आमच्या धाकटीला बघायला पाहुणे आले होते. ते गेल्यावर मी फोटो काढला. आई, काकू आणि मधे ती. ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी ‘मस्त’ म्हटलं. हे चित्र बघितल्यावर तो फोटो परत उघडला. आई-काकू कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. धाकटीची नजर मांडीवरच्या हातांवर.

रात्री विचारलं, “तुला पसंत आहे का गं?”

थोडा वेळ ती गप्पच. मग म्हणाली, “दादा, हे मला अजून कुणी विचारलंच नव्हतं.”

पाहुण्यांना थोडं थांबा म्हणून कळवलंय. बाबा माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. धाकटी विचार करतेय.

तुमच्या गॅलरीतला एखादा घरचा फोटो आज उघडा. कोण कुठे बघतंय, तेवढंच बघा. भेटू पुढच्या भागात.