अंगणावरचे छप्पर



घरामागच्या अंगणावर पत्र्याचे छप्पर घालणे ही काही मोठ्या बांधकामाची गोष्ट नव्हे. कारागीर येतो, टेप लावून अंगण मोजतो आणि विचारतो, "साहेब, किती इंची पाइप घालू?" काही वर्षांपूर्वी हा प्रश्न मला विचारला गेला, तेव्हा बहुतेक गृहस्थांप्रमाणे मीही सांगितले, "चांगला वजनदार घाला." पाइप वजनदार आला, त्याचे बिलही वजनदार आले, आणि पहिल्याच मोठ्या पावसात छपराच्या मधोमध पाणी साचले. पाण्याच्या भाराने वासे वाकले, वासे वाकले म्हणून आणखी पाणी साचले. त्या छपराखाली माझी आई भाजी निवडायला बसत असे. तिला घाईने हात धरून आत आणावे लागले. त्यानंतर मी जे शिकलो, ते आज आपणांस सांगणार आहे.

लोखंड किलोवर विकले जाते, म्हणून बळकटीही किलोवर मिळते असा आपला समज होतो. हा समज खरा नाही. वेळू पोकळ असतो, पक्ष्यांची हाडे पोकळ असतात. तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा पोकळ नळी वाकण्याला अधिक विरोध करते, हे गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे. वाकताना वाशाची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या भागाला फारसे काम उरत नाही. म्हणून धातू मध्यापासून जितका वर आणि खाली दूर असेल, तितका तो उपयोगी पडतो.

एक उदाहरण घेऊ. 50 मिलिमीटर चौरस आणि 3 मिलिमीटर जाडीचा एक पाइप, आणि 100 बाय 50 मिलिमीटरचा, 2 मिलिमीटर जाडीचा दुसरा. दोन्हींचे वजन मीटरला साधारण साडेचार किलोग्रॅम. म्हणजे किंमतही जवळजवळ तीच. परंतु दुसरा पाइप उभा ठेवला, म्हणजे त्याची 100 मिलिमीटरची बाजू उभी राहिली, तर तो पहिल्याच्या पावणेचारपट ताठ असतो. तोच आडवा निजवला की त्याचा ताठपणा एकतृतीयांशावर येतो. माझ्या घरी नेमके हेच झाले होते. पत्र्याला रुंद बैठक मिळावी म्हणून कारागिराने वासे आडवे निजवले होते आणि छपराला उतार नावापुरता ठेवला होता.

आता 4 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असे अंगण घ्या. भिंतीपासून समोरच्या तुळईपर्यंत 3 मीटरचे वासे, एकेका मीटरवर. पत्रा आणि वासे यांचे वजन चौरस मीटरला सुमारे 10 किलोग्रॅम. ज्या छपरावर कोणी वावरत नाही, त्यावरही दुरुस्तीसाठी चढणाऱ्या माणसाचा वगैरे विचार करून भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे 75 किलोग्रॅम भार धरावयास सांगते. एवढ्या भाराखाली 50 मिलिमीटरचा चौरस पाइप तुटणार नाही. पण मधोमध तो 21 मिलिमीटर खाली येईल. पत्र्याखालच्या वाशाने लांबीच्या दीडशेव्या भागाहून, म्हणजे येथे 20 मिलिमीटरहून, अधिक वाकू नये असा दंडक आहे. उभा ठेवलेला 100 बाय 50 चा पाइप मात्र जेमतेम 6 मिलिमीटर वाकतो. न तुटणे आणि न वाकणे या दोन निरनिराळ्या कसोट्या आहेत, आणि घरगुती छपरे बहुधा दुसरीत नापास होतात.

समोरच्या तुळईचेही तसेच. ती दोनच खांबांवर 4 मीटर अधांतरी ठेवण्याऐवजी मध्ये एक खांब दिला, तर प्रत्येक भागाचा बाक पूर्वीच्या सोळाव्या हिश्श्यावर येतो. जाड पाइपापेक्षा हा तिसरा खांब कितीतरी स्वस्त पडतो.

येथवर आपण छपराच्या खाली येण्याचाच विचार केला. वाऱ्यात ते वर जाऊ पाहते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. मानकात मूळ वेग बंगळूरला सेकंदाला 33 मीटर, पुण्याला 39, मुंबईला व नागपूरला 44, दिल्लीला 47, आणि कोलकाता व चेन्नई येथे 50 मीटर धरला आहे. त्यावरून दाब काढला तर तो बंगळूरला चौरस मीटरला सुमारे 67 किलोग्रॅम, पुण्याला 93, आणि चेन्नईला 153 येतो. म्हणून बंगळूरच्या आप्ताचे छप्पर पाहून चेन्नईच्या श्रोत्याने आपले माप ठरवू नये. पुण्यातल्या दाबाचा निम्मा जरी खालून वर लागला, तरी आपल्या 12 चौरस मीटरच्या छपराला साडेपाचशे किलोग्रॅमची उचल मिळते. छपराचे स्वतःचे वजन याच्या निम्मेही भरत नाही. तेव्हा खांब फरशीवर नुसते टेकवून चालत नाही. 45 सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल अशा काँक्रीटच्या ठोकळ्याचे वजन सुमारे 220 किलोग्रॅम होते. प्रत्येक खांबाचा पाय अशा ठोकळ्यात बोल्टांनी जखडावा. भिंतीकडची टोकेही तितक्याच काळजीने बांधावीत.

पाइप उंच हवा म्हणून तो कागदासारखा पातळ घेऊ नये. पातळ पाइपाला वेल्डिंग करताना भोक पडते, आणि गंज आतून लागला तर तो दिसतही नाही. पाइपांची उघडी तोंडे बंद करावीत. समुद्रकाठी राहणाऱ्यांनी जस्ताचा लेप दिलेला आणि जाडीला थोडा अधिक पाइप घ्यावा. उतार दर मीटरला निदान 10 सेंटिमीटर द्यावा. आणि काम सुरू होण्यापूर्वी हा हिशेब एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावा. त्याचे शुल्क वाया गेलेल्या लोखंडाहून कमीच असते.

मी छप्पर पुन्हा करविले. पाइप तेच होते. फक्त ते उभे केले, उतार वाढवला, मध्ये एक खांब दिला आणि पाय काँक्रीटमध्ये घट्ट बसवले. नवे लोखंड फारच थोडे लागले. आता "किती इंची पाइप घालू?" असे कोणी विचारले, तर मी त्यालाच तीन प्रश्न विचारतो: आधारांमधील अंतर किती, पाइप उभा की आडवा, आणि वारा आला तर छपराला धरून कोण ठेवणार? आई पुन्हा अंगणात भाजी निवडायला बसते. पाऊस आला तरी आता तिला उठवावे लागत नाही.