गप्प राहणारं घुंगरू



दोन शहरांतले कलावंत इंटरनेटवरून एकाच वेळी एकच प्रयोग करतात, त्यांच्या अंगावरच्या पोशाखात सेन्सर असतात, आणि त्या नृत्याचं पुढे काय व्हावं यावर आपण दोन दिवस बोलणार आहोत. अशा परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही एका कथक नर्तकीला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे.

अंगावर बांधायचं यंत्र आपल्याला नवं नाही. कथकमध्ये घुंगरं आहेत, लावणीत चाळ आहेत. पाऊल जमिनीवर किती भारानं पडलं, टाच पडली की चवडा, हे ते पितळ लगेच सांगतं. माझ्या दोन्ही पायांत शंभर-शंभर घुंगरं आली, तेव्हा तत्काराचा, म्हणजे पावलांनी काढलेल्या बोलांचा, आवाज चढवत नेणं मला दोन-तीन वर्षांत जमलं. तोच आवाज उतरवत उतरवत एकाच घुंगराचा नाद ऐकू येईल इथवर आणायला पुढची कित्येक वर्षं गेली. आज मला जे सांगायचं आहे, ते त्या वर्षांनी शिकवलेलं आहे. अंगावरचं यंत्र नर्तकीला गप्प ठेवता येऊ लागलं, की ते वाद्य होतं. तोवर ते नुसतं ओझं असतं.

आपल्या क्षेत्राचा इतिहास या कसोटीवर पाहा. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांचा ‘व्हेरिएशन्स फाइव्ह’ हा प्रयोग सादर झाला. रंगमंचावर रॉबर्ट मूग यांनी बनवलेल्या अँटेना उभ्या होत्या, सोबत प्रकाश टिपणारे सेल होते. नर्तक जवळ आला की त्याच्या हालचालीनं ध्वनी सुटत, पण त्या ध्वनीचं काय करायचं हे वादकांच्या हाती होतं. १९८९ मध्ये मार्क कॉनिग्लिओ यांनी ‘मिडीडान्सर’ तयार केला. त्यात सांधा किती वाकला हे मोजणारे सेन्सर नर्तकाच्या अंगावरच आले आणि ती मापं बिनतारी पद्धतीनं संगणकाकडे जाऊ लागली. यंत्र मंचावरून अंगावर आलं, आणि घुंगराच्या फार जवळ पोचलं.

दोन शहरं जोडण्याचा प्रयत्न त्याही आधीचा आहे. १९७७ मध्ये किट गॅलोवे आणि शेरी राबिनोविट्झ यांनी नासाच्या साहाय्यानं अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरच्या नर्तकांना उपग्रहामार्फत एकाच चित्रात आणलं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. एवढं वर जाऊन खाली यायला संदेशाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. समोरचा नर्तक पडद्यावर दिसतो तो पाव सेकंदापूर्वीचा.

आज समुद्राखालून फायबर आहे. तरी हिशेब मांडून पाहू. मुंबई ते लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका बाजूला किमान ३६ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ७२. केबल सरळ जात नाही, यंत्रंही वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. आता मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत तीनताल घ्या. एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, आणि चौगुणीत एक बोल ६२.५ मिलिसेकंदांचा. माझं पाऊल लंडनच्या तबल्यापर्यंत जाऊन त्याचं उत्तर परत येईतो एक बोल निघून गेलेला असतो. तिथला तबलजी माझी वाट पाहतो, मी त्याची, आणि लय ओढली जाते. दोन शहरांत एकच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नसते. कनेक्शन कितीही महाग घेतलं तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

म्हणून माझी विनंती आहे की जे पोचत नाही ते पाठवण्याचा हट्ट आपण सोडावा. श्वासाचा विचार करा. शांत माणसाचा एक श्वास तीन-चार सेकंदांचा असतो, त्यात शंभर मिलिसेकंदांचा उशीर जाणवतही नाही. थेक्ला शिफोर्स्ट यांनी २००५ मध्ये ‘एक्सहेल’ या कामात एकाचा श्वास दुसऱ्याच्या अंगावरच्या घागऱ्यात कंप होऊन उमटेल असे पोशाख केले. अभिनयाची बैठक, नजरेचा ठहराव, भार एका पायावरून दुसऱ्यावर जाणं, हे सगळं अंतर सोसतं. पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, आणि तत्कार आपापल्या गावात राहू द्या. भाव आणि श्वास प्रवासाला पाठवा.

पण श्वास पाठवायचा तर तो कुणाच्या परवानगीनं? पॉल सर्मन यांनी १९९२ मध्ये केलेल्या ‘टेलिमॅटिक ड्रीमिंग’मध्ये १९९४ साली नर्तकी सुझन कोझेल एका खोलीत पलंगावर असायच्या आणि त्यांची प्रतिमा दुसऱ्या खोलीतल्या पलंगावर उमटायची. तिथे प्रेक्षक येत. प्रतिमेशी झालेला धसमुसळेपणा आपल्या शरीराला जाणवला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. पलीकडे दिसते ती प्रतिमा असली, तरी दुखतं ते अंग इथलंच असतं.

हे मी स्वतः थोडंफार भोगलं आहे. एका प्रयोगात सेन्सर लावलेला पोशाख रंगीत तालमीच्या दिवशी माझ्या हाती आला. बॅटरी कमरेला, नेमकी चक्करांच्या आड येणारी. घामानं घोट्यावरचा पट्टा सरकला. मध्यंतरात मी विंगेत बसून धाप टाकत होते, आणि माझे ठोके पलीकडच्या शहरात पडद्यावर धडधडत होते. ते बंद करायची कळ माझ्याकडे नव्हती. त्या रात्री मला दमण्याचाही खासगीपणा उरला नाही.

तेव्हा अध्यक्ष म्हणून तीन मागण्या करते. पोशाख तालमीच्या पहिल्या दिवसापासून नर्तकीच्या अंगावर असावा, आणि शिवणारा कारागीर अभियंत्याच्या शेजारी बसावा. नऊवारीचा काष्टा पायाला किती मोकळीक देतो हे त्या कारागिराला ठाऊक असतं. दुसरं, प्रक्षेपण थांबवण्याची कळ नर्तकीच्याच हाताशी असावी. तिसरं, ठोके, श्वास, सांध्यांची मापं ही नोंद तिच्या मालकीची मानावी, आणि प्रयोगानंतर ती कुठे राहील हे करारात आधीच लिहावं.

उद्या सकाळच्या कार्यशाळेत प्रत्येक गटानं आधी एक साधा पाठ करावा. पोशाख चढवावा, पलीकडचं शहर जोडावं, आणि नर्तकीनं सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, स्तब्ध उभं राहावं. त्या आवर्तनात पलीकडे काय पोचलं ते पाहावं. तिनं ठरवलं तेवढंच पोचलं असेल, तर चाळ नीट बांधले गेले आहेत असं समजा, आणि मग नाचायला सुरुवात करा.