वाट चुकलेली मुले आणि समाजाचे दायित्व



किरनापुरासारख्या गावी एखाद्या किशोराने सायकल चोरली, की ‘पोलिसांच्या हवाली करा’ एवढाच मार्ग बहुतेकांस सुचतो. कायदा मात्र अधिक दूरदर्शी आहे. मुंबई इलाख्यातील १९२४ च्या बाल अधिनियमाने मुलांचा न्याय प्रौढांच्या न्यायाहून वेगळा मानला. मध्यप्रदेशासही लागू असलेला २०१५ चा बाल न्याय अधिनियम त्याही पुढे गेला. बालकाच्या वा समाजाच्या हितास बाध येत नसेल, तर प्रकरण न्यायालयीन कार्यवाहीविना हाताळण्यास उत्तेजन द्यावे, हे तत्त्व त्याने स्वीकारले. जिल्ह्याच्या किशोर न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासमवेत दोन समाजसेवक बसतात. त्यांपैकी एक स्त्री असते. समज देऊन घरी पाठविणे, समुपदेशन, समाजसेवा, अथवा पालक किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली फार तर तीन वर्षांची परिवीक्षा, असे उपाय त्यांच्या हाती असतात.

परंतु ती योग्य व्यक्ती आणावयाची कोठून? मुलाकडून सेवा करवून घेणारी संस्था कोणती? समाज पुढे आला नाही, तर कायद्याचे हे शब्द कागदावरच राहतात आणि मुलाच्या नावास चोरीचा डाग कायमचा चिकटतो. देवस्थानाची पै न् पै सांभाळणाऱ्या महाजन कुटुंबांनी गावच्या अशा एका तरी पोराची जबाबदारी शिरावर घ्यावी. तीही देवाचीच ठेव होय.