तात किती दिवस टिकते?

विरार लोकलमध्ये लटकत असाल, घाटकोपर मेट्रोच्या रांगेत असाल नाहीतर मुलुंडला घरी भांडी घासत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

बॅडमिंटनची रॅकेट दुकानात देताना आपण म्हणतो, "गटिंग करून द्या." यातलं गट म्हणजे आतडं. आता रॅकेटला बहुतेक वेळा नायलॉनसारखी कृत्रिम दोरी असते, पण शब्द मागे राहिलाय. मेंढीचं किंवा बकरीचं आतडं साफ करायचं, ओले पट्टे एकत्र पिळायचे, ताणून वाळवायचे. झाली तार. मराठीत तिला तात म्हणतात. इंग्रजीत कॅटगट म्हणतात खरं, पण मांजराचा काही संबंध नाही.

तुमच्या आजीला विचारा, गादीवाला पिंजारी गल्लीत आलाय हे कसं कळायचं? कापूस पिंजायच्या कमानीची तात तो टणकन वाजवायचा. सारंगीच्या मुख्य तीन तारा आजही तातीच्या असतात, पण सारंगी गजाने वाजते. छेडून वाजवायचं आपलं तातीचं वाद्य म्हणजे चौंडकं. कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमेपलीकडे सौंदत्तीपर्यंत यल्लम्माची गाणी म्हणणारे जोगती ते वाजवतात. लाकडी पोकळ नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली तात. नळकांडं काखेत दाबायचं, तातीचं दुसरं टोक हाताने ओढून धरायचं आणि दुसऱ्या हाताने छेडायचं. ओढ वाढवली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. अक्षरशः बोलतं ते!

आता मुद्द्याचं. ही तात टिकते किती? महिने सांगता येत नाहीत, कारण ते हवेवर आणि हातावर आहे. तात पाणी पिते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता सहज ८० टक्क्यांवर जाते. बोरिवलीच्या दमट घरातून वाद्य काढलं, अंधेरीच्या एसी स्टुडिओत नेलं, की आधी फुगलेली तात तिथे सुकते. सूर हलतो, आणि असं रोज झालं की तंतू थकतात. त्यात बोटांचा घाम, बुरशी आणि जिथे तार घासते ती जागा. तिथे आधी बारीक केस सुटतात. ते केस ओढायचे नाहीत, नेलकटरने जपून कापायचे.

मग जाड तात लावली तर? घासण्याला ती जास्त पुरेल. पण ताणाने तुटण्याचं गणित गमतीचं आहे. लांबी तीच आणि सूर तोच हवा असेल, तर जाड तारेला त्याच प्रमाणात जास्त ओढावं लागतं. म्हणजे प्रत्येक तंतूवरचा भार तेवढाच राहतो. वाचवायची असेल तर सूर उतरवा किंवा लांबी कमी करा. युरोपातल्या जुन्या ल्यूट या वाद्याची सगळ्यात वरची तार याचसाठी सारखी तुटायची.

"मग स्टील लाव ना, सोपं आहे!" हे मी माझ्या चौंडक्याबद्दल बरेचदा ऐकतो. तुणतुण्याला धातूचीच तार असते आणि ते छान वाजतं. पण तिथे सूर खुंटीने एकदा लावला की झालं. चौंडक्यात सूर हाताच्या ओढीवर चालतो. तात ओढीला थोडी देते, म्हणून सूर हळूहळू सरकवता येतो. स्टील जवळपास ताणलंच जात नाही. जराशी ओढ वाढली की सूर उडी मारतो. तार टिकेल, बोलणं जाईल.

असं पूर्वी झालंय. रबाबला तातीच्या तारा असायच्या. १९व्या शतकात धातूच्या तारा आणि धातूची पट्टी आली, लांब मींड शक्य झाली आणि सरोद घडला. फार सुंदर वाद्य! पण ते रबाब नव्हे.

मधला मार्ग नायलॉनचा. दुसऱ्या महायुद्धात आतड्याची तार शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागली. गिटारवाल्यांना टंचाई झाली, आणि न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या. नायलॉन ताणलं जातं आणि पावसाला फारसं घाबरत नाही. पण ते तातीपेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच ओढीला जाड लावावं लागतं आणि आवाज बदलतो. रोजच्या रियाजाला चालेल. मी तेच करतो, आणि गाण्याला बसताना तात.

कारण तात तुटणारच. पूर्वी त्याचं कुणाला ओझं नव्हतं, नवी वळून देणारा माणूस जवळपास असायचा. वाद्याचं आयुष्य त्या माणसामुळे वाढायचं. लाकूड काचेच्या कपाटात शंभर वर्षं राहील, पण तात वळणारा हात गेला तर ते नुसतं लाकूडच.

म्हणून एक काम. गावी गेलात आणि चौंडकं किंवा सारंगी वाजवणारं कुणी भेटलं, तर विचारा, "तात कुठून आणता?" उत्तर रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन, आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढचा भाग त्यावरच करू. भेटू!