ताटावरचा बैल

आज एका ताटाबद्दल बोलायचंय. साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरला बनलेलं, निळं-पांढरं. मधोमध बैल आणि शेजारी त्याचा मालक. बैलाचं अंग म्हणजे अक्षरशः पेटी, खाली चार काड्या लावलेल्या.

हा ‘डरहम ऑक्स’. जन्म १७९६, चार्ल्स कॉलिंगच्या केटनच्या गोठ्यातला. पाच वर्षांचा असताना वजन २१६ स्टोन, म्हणजे जवळजवळ १३७० किलो! जॉन डे नावाच्या माणसाने तो १८०१ मध्ये २५० पौंडांना घेतला. दोनच महिन्यांत २००० पौंडांची ऑफर आली, पण पठ्ठ्याने नाही म्हटलं. खास गाडी करून पुढची सहा वर्षं बैल गावोगाव फिरवला, तिकीट लावून.

बरं, बघून झाल्यावर घरी काय न्यायचं? तर चित्र. जॉन बोल्टबीने १८०२ मध्ये बैल रंगवला, त्यावरून छापील प्रती निघाल्या आणि वर्षभरात दोन हजारांवर खपल्या. मग तोच बैल ताटांवर आला. तांब्याच्या पत्र्यावर एकदा चित्र कोरायचं, पातळ कागदावर छापायचं, आणि तो कागद भाजलेल्या मातीवर दाबायचा. एक पत्रा, शेकडो ताटं. आमच्या भाषेत सांगायचं तर कॉपी-पेस्ट.

पण मूळ चित्र खरं होतं का? स्मिथफील्ड क्लब १७९८ चा. तिथल्या प्रदर्शनात लठ्ठ जनावरांना बक्षिसं मिळायची. चरबीला किंमत होती, मेणबत्त्यासुद्धा तिच्याच व्हायच्या. त्यामुळे जनावर चित्रात फुगवून दाखवायला मालक सांगत. टॉमस ब्यूइक हा लाकडावर कोरीवकाम करणारा नावाजलेला चित्रकार. त्याने आठवणींत लिहिलंय की दिसत नसलेले चरबीचे गोळे काढायला त्याने साफ नकार दिला. काम मग ऐकणाऱ्यांकडे गेलं. मला हा माणूस फार आवडतो. क्लायंटला ‘नाही’ म्हणणं किती महागात पडतं, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता गंमत बघा. आपल्याकडे बैल वेगळा, वळू वेगळा. डरहम ऑक्स बैल होता, खच्ची केलेला. त्याला वासरू होणारच नव्हतं. मग एवढी जाहिरात कशाची? त्याच्या वंशाची. त्याचा बाप ‘फेव्हरिट’ नावाचा वळू. त्याच फेव्हरिटचा दुसरा मुलगा ‘कॉमेट’ १८१० च्या लिलावात १००० गिनींना गेला. एका वळूला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

फिरणाऱ्या बैलाला मात्र यातलं काही मिळालं नाही. १८०७ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला त्याचा खुबा निखळला. दोनेक महिने तसेच काढल्यावर त्याला कापावं लागलं. ताटांवरचा बैल त्यानंतरही विकला जात होता, आणि तिथे तो चारही पायांवर नीट उभा आहे.